गलबतांपाशी

सोहारला शुक्रवारी, मल्याळी उपासना सुटल्यावर
आणि तमिळ मंडळी यायच्या आधी
पाऊण तास हॉल आमचा.
अकरा माणसं. पेटी वाजवणारा नाही,
मोबाइलवरचा सूर धरून गातो.
यंदा वाचनात शास्ते चालू आहेत.

शास्ते म्हणजे कोर्टातले नव्हेत, पाळक सांगतात,
झगा नाही, हातोडा नाही,
राजा नव्हता तेव्हा जे उठले ते.
एक डावखुरा. एक भीतीनं
द्राक्षकुंडात लपून गहू झोडणारा.
एक वेश्येचा पोर, भावांनी हाकललेला,
आणि गळ्याशी आलं तेव्हा
त्याच भावांनी शोधून आणलेला.
आणि एक बाई. खजुरीखाली बसायची.

खजुरी म्हटलं की
माझी नजर पानावरून उठते.

सुवार्ताबाई रणनवरे, संगमनेरकडच्या,
हॉस्पिटलच्या लाँड्रीत नऊ वर्षं.
लाँड्रीमागं एकच खजूर, बुडाशी
डिटर्जंटचा उपडा निळा ड्रम.
त्यावर बसायच्या, मांडीवर डबा.
ड्यूटी बदलताना भांडणं तिथं यायची.
बंगाली, नेपाळी, तेलुगू. बाईंची हिंदी
मराठीच्याच चुलीवर शिजलेली,
तरी सगळ्यांना पचायची.

नझरुल आणि धनबहादूर चाळीस रियालवरून
एकमेकांच्या नरड्याला भिडले त्या दिवशी
बाईंनी कुणाचंच ऐकलं नाही.
ड्रायरमधून गरम चादर ओढली.
"धरा. दोन टोकं तू, दोन तू."
चादर घडी करायची तर
जवळ यावंच लागतं.
एकदा. मागं सरून पुन्हा.
चौथ्या घडीला बोटांना बोटं लागली.
"हां, आता बोला."

पैसे परत आले नाहीत. हेही सांगायला हवं.

रात्री बंदराकडं ट्रेलर जातात, संपता संपत नाहीत.
बाई गच्चीवरून मोजायच्या.
नऊशे लोखंडी रथ, म्हणायच्या,
आणि आपल्या हाती काय, तर इस्त्री.

मग पासपोर्टांचं निघालं.
सुपरवायझरच्या कपाटात सत्तावीस, एका बिस्किटाच्या डब्यात.
बाईंनी अर्ज लिहिला
आणि सह्यांसाठी खोल्या पालथ्या घातल्या.
माझ्याकडंही आल्या. मी बंदरावर टॅली क्लार्क,
कंपनी वेगळी, पासपोर्ट माझा माझ्या उशाखाली.
"तू बाहेरचा. साक्षीला तुझी सही जड पडेल."
मी चहा टाकला. साखर शोधत राहिलो, जरा जास्तच.
म्हटलं, उद्या जहाज लागतंय बाई,
दोन दिवस मान वर करायला सवड नाही,
नंतर बघू.

जहाज खरंच लागणार होतं.
मी खोटं बोललो नाही.

नऊ सह्या झाल्या. धनबहादूरनं अंगठा दिला,
नझरुलनं त्याचा हात धरून.
आठवड्याच्या आत बाईंचा एक्झिट निघाला.
निळा ड्रम कुणीतरी पाण्यासाठी नेला.

आज वाचायची पाळी माझी.
लढाई जिंकून झालेली, बाई गातेय,
आणि गाण्यात चक्क हजेरी आहे:
कोण हाकेला आलं, कोण नाही.
एक वंश मेंढवाड्यात बसून राहिला, पावा ऐकत,
एक, का कुणास ठाऊक, गलबतांपाशी.

गलबतांपाशी.
दाराबाहेर तमिळ मंडळी चपला काढतेय.
पाळक हळूच म्हणतात, पुढं.

बारक्या शास्त्यांना एकेक ओळच मिळते:
इतकी वर्षं न्याय केला, मेला, अमक्या गावी पुरला.
बाई मेलेल्या नाहीत. संगमनेरला
भाच्याच्या दुकानात ड्रायक्लीनचं बघतात.
परवा फोन आला. त्या अर्जाबद्दल चकार शब्द नाही.
तब्येत विचारली, उकाडा विचारला,
मग म्हणाल्या, जहाजं येतात का रे अजून?

येतात, म्हटलं.